पाहुण्याचा परवाना

आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. थोड्या मुदतीसाठी परदेशी जाऊन यावयाचे असल्यास त्या देशाचा व्हिसा कसा मागावा, हा तो विषय. कोणी म्हणेल, ज्यांना ही माहिती हवी ते कचेरीत विचारतील. त्यासाठी भाषण कशाला? परंतु हा प्रश्न आता मुंबई-पुण्याच्या मूठभर लोकांचा राहिलेला नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यात, निंबर्ग्यासारख्या गावच्या ओसरीवरही तो येऊन बसला आहे. मुलगा शिकून बंगळुरूस जातो, तेथून अमेरिकेस जातो. मुलगी लग्न होऊन जावयाबरोबर इंग्लंडास किंवा जर्मनीस जाते. मग एके दिवशी तिकडून फोन येतो, "आई, मला सातवा लागला आहे. बाळंतपणाला तू जवळ हवीस." त्या घरात तिकिटाचे पैसे कसेबसे उभे राहतात, पण तिकिटाच्या आधी परवाना लागतो, आणि तेथे भल्याभल्यांची पावले अडखळतात.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. 'व्हिसा' हा शब्द लॅटिन भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'पाहिलेला' असा आहे. आलेल्या माणसाचा कागद आम्ही पाहिला, तो आम्हांला मान्य आहे, असा शेरा म्हणजे व्हिसा. पासपोर्ट आणि व्हिसा यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. पासपोर्ट आपले सरकार देते. हा माणूस आमचा आहे, एवढे ते जगाला सांगते. व्हिसा परके सरकार देते. या माणसास आम्ही आमच्या दारात येऊ देऊ, एवढे ते म्हणते. १९६७ च्या एप्रिलमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशी जाण्याचा अधिकार हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. तेव्हा पासपोर्टाविषयी नागरिक आपल्या सरकारशी हक्काने बोलू शकतो. व्हिसाविषयी तसे बोलता येत नाही. दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून जाण्याचा हक्क कोणालाच नसतो. यजमानाची संमती घ्यावी लागते.

आपल्याकडे एक म्हण आहे: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. परक्या राष्ट्रांचे व्हिसाचे कायदे वाचले, की ही म्हणच कलमे पाडून लिहिली आहे असे वाटते. कोणत्याही देशाचा अर्ज घ्या; त्यातले शेकडो रकाने शेवटी चार प्रश्नांवर येऊन थांबतात. तुम्ही कोण? कशासाठी येता? खर्च कोण करणार? आणि परत केव्हा जाणार? यांपैकी पहिल्या तिहींची उत्तरे सोपी असतात. खरी कसोटी चौथ्या प्रश्नाची. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील २१४ (ब) हे कलम स्पष्ट सांगते, की पाहुणा म्हणून अर्ज करणारा प्रत्येक माणूस कायमचे राहण्यासच येत आहे असे आधी गृहीत धरावे. तसे नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी त्याची. ब्रिटनचे नियमही भेटीच्या अखेरीस पाहुणा देश सोडून जाईल अशी खात्री मागतात, आणि युरोपातील शेंगेन राष्ट्रेही तेच पाहतात. म्हणजे पाहुण्याच्या परवान्याचा अर्ज हा जाण्याचा अर्ज दिसत असला, तरी वस्तुतः तो परत येण्याच्या हमीचा कागद असतो. ही एक गोष्ट ध्यानात धरली, की बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

परत येण्याची हमी देण्याचा हा प्रकार आपल्याला अगदी नवा नाही. १८८३ साली डॉ. आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना आजच्यासारखा व्हिसा काढावा लागला नव्हता. एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्ता सोडले आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. पण जाण्यापूर्वी, फेब्रुवारीत, श्रीरामपूरच्या महाविद्यालयात सभा भरवून त्यांना स्वकीयांपुढे बोलावे लागले. मी हिंदू म्हणून जात आहे आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, अशी ग्वाही त्यांनी त्या सभेत दिली. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास निवर्तल्या. त्या काळी परतण्याची हमी आपलाच समाज मागत होता. आज ती परके सरकार मागते. मागणारा बदलला, हमी तीच राहिली. आनंदीबाईंनी ती शब्दांनी दिली. आपल्याला ती कागदांनी द्यावी लागते, आणि ग्रामीण माणसाची अडचण नेमकी येथून सुरू होते.

निंबर्ग्याचे एक वृद्ध जोडपे डोळ्यांसमोर आणू. कोणी विशिष्ट माणसे नव्हेत. त्या भागातील कोणतीही दोन माणसे. नऊ-दहा एकर कोरडवाहू जमीन, खरिपाची तूर आणि रब्बीची ज्वारी, वडिलार्जित घर, धाकट्या मुलाचा संसार त्याच घरात, आणि भाऊबंद चार गावांत. या माणसांना परदेशात कायमचे राहा म्हटले, तर महिन्याभरात त्यांचा जीव कासावीस होईल. तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की त्यांना तेथे झोप येणार नाही. परत येण्याची याहून बळकट खात्री दुसरी कोणती? आणि तरीही कागदावर पाहिले तर हेच जोडपे सर्वांत दुबळे दिसते. पगाराची पावती नाही. शेतीच्या उत्पन्नास प्राप्तिकर नसल्यामुळे विवरणपत्र नाही. बँकेच्या पुस्तकात वर्षातून दोनदा मोठी रक्कम येते आणि हळूहळू आटते. नाते जितके खोल, तितके ते कागदावर कमी उमटलेले. कारण ते लिहून ठेवण्याची गरज आजवर कोणालाच पडली नव्हती.

त्यातच सीमाभागाची आणखी एक अडचण आहे. १९४७ च्या सुमारास निंबर्ग्यात जन्मलेल्या माणसाचा विचार करा. तो जन्मला तेव्हा गाव निजामाच्या राज्यात होते. दप्तर उर्दूत होते आणि सन फसली होता. फसली १३५७ म्हणजे इसवी सन १९४७-४८. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७३ च्या नोव्हेंबरात त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. या गृहस्थाने आपले घर एकदाही बदलले नाही. पण त्याच्या जन्मगावाच्या पुढे लिहावयाची राज्याची आणि जिल्ह्याची नावे इतक्या वेळा बदलली. जमिनीचा कागद कानडीत, शाळेचा दाखला कोठे उर्दूत, कोठे मराठीत, आणि बँकेचे पुस्तक इंग्रजीत. प्रत्येक लिपीतून जाताना नावाचे एखादे अक्षर गळते किंवा वाढते. परक्या देशाच्या अधिकाऱ्यास हा इतिहास ठाऊक नसतो. त्याला फक्त चार कागदांवर चार नावे दिसतात.

जन्मतारखेचेही तसेच. त्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. त्यात लज्जेचे काही नाही; पण एकदा लिहिली गेलेली तारीख सर्वत्र तीच असली पाहिजे. बायकांच्या नावांचा घोळ त्याहून मोठा. आपल्या समाजात लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि पुष्कळ घरांत पहिले नावही बदलून घेतात. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव एक, आणि आईच्या आधार-पत्रावर दुसरे. 'ही माझी आई' असे मुलगी जर्मनीहून लिहिते. पण कागद म्हणतात, की ही दुसरीच कोणी बाई. अशा वेळी विवाहनोंदणीचा दाखला, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, हे आधी तयार ठेवावे लागते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की व्हिसाचा विचार मनात येण्यापूर्वी पासपोर्टाचा करावा, आणि पासपोर्टाचा अर्ज भरण्यापूर्वी घरातील सारे कागद चौकावर मांडून त्यांतील नावे, तारखा आणि गाव ताडून पाहावेत. जो कागद दुरुस्त होण्यासारखा असेल तो तहसील कचेरीतून किंवा बँकेतून दुरुस्त करून घ्यावा. पासपोर्टासाठी पूर्वी लांबच्या शहरी खेटे घालावे लागत. २०१७ च्या जानेवारीत म्हैसूर आणि दाहोद येथून टपाल कचेऱ्यांतील पासपोर्ट केंद्रांना आरंभ झाला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून ही सोय पसरत गेली. अर्जानंतरची चौकशी मात्र गावच्या ठाण्याकडूनच होते. निंबर्ग्यास स्वतःचे पोलीस ठाणे आहे. तेथील शिपाई घरी आला म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही. तो पत्ता आणि माणूस खरा आहे की नाही एवढेच पाहावयास आलेला असतो.

पासपोर्टावर नाव आणि आडनाव असे दोन निराळे रकाने असतात. दोन्ही भरावेत, हे मी आग्रहाने सांगतो. आपल्या भागात कोठे आद्याक्षरे लिहिण्याची चाल आहे, कोठे आडनावच गाळतात. अशा एकपदी नावाच्या पासपोर्टावर अमेरिकेच्या व्हिसात पहिल्या नावाच्या जागी 'एफ.एन.यू.' ही अक्षरे छापली जातात. त्यांचा अर्थ 'पहिले नाव अज्ञात'. जन्मभर ज्या नावाने हाक मारली ते नाव परक्या देशाच्या दप्तरी आडनाव होऊन बसते. संयुक्त अरब अमिरातींनी तर २०२२ च्या नोव्हेंबरात एकपदी नावाच्या भेट-व्हिसाधारकांना प्रवेशच नाकारण्याचा नियम केला. पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे नाव असेल तर चालेल, अशी सवलत मागाहून मिळाली. पासपोर्टावर जे छापले गेले तेच पुढे सर्वत्र प्रमाण मानले जाते. व्हिसाच्या अर्जात काना-मात्रेचाही फरक करू नये. पासपोर्टावर जन्मस्थान गुलबर्गा असेल, तर अर्जातही गुलबर्गाच लिहावे.

आता कागदांनी नाते कसे दाखवावयाचे, ते पाहू. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात, त्याला कर्नाटकात पहाणी म्हणतात. ती पहाणी नावाची आणि चालू वर्षाची असावी. तूर बाजार समितीत घातली असेल तर आडत्याच्या पट्ट्या जपून ठेवाव्यात. बँकेत वर्षातून दोनदा पैसे का येतात, याचे उत्तर त्या पट्ट्या देतात. घरपट्टीची पावती, निवृत्तिवेतन असल्यास त्याचा कागद, आणि मागे राहणाऱ्या कुटुंबाचा पुरावा जवळ असावा. कानडी आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे ब्रिटन व युरोपच्या अर्जांना जोडावीत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून उसने घेऊन खात्यात एकदम चार-पाच लाख भरू नयेत. पैसा कोठून आला हे सांगता न येणारी शिल्लक मदत करण्याऐवजी संशय निर्माण करते. खर्च मुलगी-जावई करणार असतील, तर तसे सरळ लिहावे. आईबापांचा खर्च लेकरांनी करणे यात परक्या अधिकाऱ्यासही नवल वाटत नाही.

येथे देशादेशांतील फरक समजून घेतला पाहिजे. ब्रिटन आणि शेंगेन राष्ट्रे मुख्यत्वे कागदांवर निर्णय करतात. तेथे आमंत्रणाचे पत्र, मुलाच्या नोकरीचा पुरावा आणि राहण्याची सोय यांस महत्त्व आहे. शेंगेनसाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असून, २०२४ च्या जूनपासून प्रौढांचे शुल्क ९० युरो झाले. कॅनडाने आईबाप व आजी-आजोबा यांच्यासाठी २०११ च्या डिसेंबरात एक खास व्हिसा सुरू केला. त्यावर दीर्घकाळ राहता येते, पण मुलाच्या उत्पन्नाचा पुरावा, आमंत्रण आणि विमा हे तिन्ही लागतात. अमेरिकेची रीत याहून निराळी. तेथे मुलाचे आमंत्रणपत्र आवश्यक नाही, आणि हमीपत्राने व्हिसा मिळत नाही. तेथे मुलाखतीला महत्त्व आहे, आणि ती मुलाची नसून तुमची असते. अमेरिकेच्या भेट-व्हिसाचे शुल्क २०२३ च्या जूनमध्ये १८५ डॉलर झाले. त्यावर आणखी २५० डॉलरांचे शुल्क बसविणारा कायदा २०२५ च्या जुलैत संमत झाला. दर असे बदलत असल्यामुळे भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच ते पाहावेत. हे शुल्क व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

मुलाखतीच्या तारखेचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. २०२२ साली भारतातील काही ठिकाणी पहिल्या मुलाखतीसाठी दोन वर्षांहून अधिक थांबावे लागत होते. त्यानंतर स्थिती सुधारली, पण मुदत शहरागणिक आणि महिन्यागणिक बदलते. तातडीची तारीख मागण्याची सोय आहे. परंतु अमेरिकन वकिलातींच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की लग्नसमारंभ, पदवीदान आणि गरोदर नातेवाइकाची मदत ही कारणे तातडीत धरली जात नाहीत. म्हणजे ज्या कामासाठी आपल्याकडील आई सर्वांत घाईने निघते, त्याच कामाला तेथे घाईचे मानत नाहीत. नियम कोरडा आहे, पण तो आधी ठाऊक असला तर उपाय आहे. सातवा लागल्यावर अर्ज करू नये. लेक परदेशी गेली त्याच वर्षी करावा. भारतीयांना हा व्हिसा बहुधा दहा वर्षांच्या मुदतीचा मिळतो. तो हाती असला, म्हणजे पुढे केव्हाही निघता येते.

मुंबई आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणी अमेरिकेची वकिलात आहे. निंबर्ग्याच्या माणसाला दोन्ही सारखीच परगावे. पूर्वी एकोणऐंशी वर्षांवरील वृद्धांना मुलाखतीची सूट असे; २०२५ च्या २ सप्टेंबरपासून ती सर्वसाधारणपणे काढून घेण्यात आली. आधी एका केंद्रात बोटांचे ठसे आणि छायाचित्र, मग वकिलातीच्या खिडकीसमोर मुलाखत, असे दोन टप्पे असतात. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते. आणलेल्या कागदांची पिशवी पुष्कळदा उघडलीही जात नाही. आमच्या सीमाभागातील माणूस कानडी, मराठी आणि दखनी उर्दू अशा तीन भाषा सहज बोलतो. इंग्रजी येत नाही म्हणून त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. आपल्याला कोणती भाषा येते ते आरंभीच सांगावे. विचारले तेवढेच, थोडक्यात आणि खरे सांगावे. कोठे जाता? मुलीकडे. कशासाठी? तिचे बाळंतपण आहे, तिच्याजवळ राहण्यासाठी. किती दिवस? चार महिने. मग? तुरीची रास करावयास परत यावयाचे आहे. या चार वाक्यांत निंबर्ग्याचे सारे आयुष्य आले. ते पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यांपेक्षा अधिक पटते, कारण ते खरे असते.

आणि येथेच सर्वांत मोठ्या धोक्याची सूचना द्यावयाची आहे. गावोगावी असे दलाल निघाले आहेत, की जे म्हणतात, 'बाळंतपण म्हणू नका, सहल म्हणा; शेती म्हणू नका, दुकान म्हणा; खात्याचा कागद आम्ही बनवून देतो.' श्रोतेहो, मुलीला भेटावयास जाणे हे भेट-व्हिसाचे पूर्णपणे मान्य कारण आहे; ते लपविण्याची गरजच नाही. उलट लपविले तर काय होते? अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे महत्त्वाची गोष्ट खोटी सांगणारा माणूस प्रवेशास कायमचा अपात्र ठरू शकतो. ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षांची बंदी होते. दलाल आपले पैसे घेऊन मोकळा होतो. अर्जाखाली सही आईची असते. नातवाचे तोंड पाहण्यास निघालेल्या बाईला एका खोट्या कागदापायी पुढे कधीच जाता आले नाही, तर त्या नुकसानीची भरपाई कोण करणार? अर्ज दुसऱ्याकडून भरून घेण्यास हरकत नाही. पण त्यात काय लिहिले ते ओळीनओळ वाचून घेतल्याशिवाय त्यावर अंगठाही उठवू नये.

व्हिसा मिळाल्यावरही एक गैरसमज टाळला पाहिजे. व्हिसाची मुदत निराळी आणि राहण्याची मुदत निराळी. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षे राहण्याची परवानगी नव्हे. दहा वर्षांत दार ठोठावण्याची ती मुभा आहे. अमेरिकेत किती दिवस राहावयाचे हे उतरल्यावर विमानतळावरील अधिकारी ठरवितो. सामान्यतः तो सहा महिने देतो, आणि ती तारीखच खरी. ब्रिटनमध्ये एका भेटीत बहुधा सहा महिने, आणि शेंगेन राष्ट्रांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. अमेरिकेत परवानगीविना १८० दिवसांहून अधिक राहिल्यास निघाल्यावर तीन वर्षे, आणि वर्षाहून अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेश बंद होतो. भेट-व्हिसावर नोकरी करता येत नाही. नातवाला मांडीवर घेणे, लेकीला मेथीचे लाडू करून घालणे ही काही नोकरी नव्हे. पण कोणाच्या दुकानात पैशासाठी हात लावणे ही नोकरी होय. परदेशातील दवाखान्याचा खर्च आपल्या कल्पनेपलीकडचा असतो. सक्ती असो वा नसो, जुन्या आजारांची खरी माहिती देऊन विमा घेतल्याखेरीज म्हाताऱ्या माणसांनी विमानात पाऊल ठेवू नये.

इतके करूनही व्हिसा नाकारला गेला तर? तसे होते, आणि प्रामाणिक माणसांच्या बाबतीतही होते. कायद्याचे गृहीतच अविश्वासाचे असल्यामुळे तरुण, अविवाहित, भूमिहीन किंवा एकट्या विधवेला खात्री पटविणे अधिक जड जाते. ज्यांच्यापाशी कागद अधिक, त्यांचाच शब्द अधिक खरा मानला जातो, ही त्या पद्धतीतील उणीव आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. दोन मिनिटांत माणसाचे मन ओळखता येते, असा दावा कोणत्याही देशाने करू नये. परंतु नकार म्हणजे अपमान नव्हे आणि तो अब्रूवरील डाग तर नव्हेच. अमेरिकेत २१४ (ब) खालील नकारावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. परिस्थितीत काही फरक पडला असेल, किंवा पहिल्या वेळी सांगावयाची गोष्ट राहून गेली असेल, तर पुन्हा अर्ज करावा. तोच कागद घेऊन त्याच महिन्यात पुन्हा पैसे भरण्यात हशील नाही. आणि पुढच्या कोणत्याही अर्जात 'पूर्वी नकार मिळाला होता काय?' असे विचारले, की 'होय' असेच लिहावे. नकार लपविणे हे नकारापेक्षा वाईट.

परदेशी गेलेल्या मुलामुलींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तुम्ही तिकडे बसून आईबापांचे अर्ज संगणकावर भरता, आणि काय भरले ते त्यांना सांगत नाही. मग खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या वडिलांना जावयाच्या कंपनीचे नावही सांगता येत नाही. त्यांना अर्ज वाचून दाखवा, मराठीत समजावून सांगा. आणि आणखी एक. त्यांना किती दिवस राहावयाचे आहे ते त्यांनाच विचारा. कित्येक घरांत सहा महिने हा आकडा मुलगा ठरवितो आणि आई मुकाट मान डोलावते. मुलाखतीत तिच्या तोंडून तो आकडा परक्याचा वाटतो, कारण तो परक्याचाच असतो. तिचे मन चौथ्या महिन्यातच घराकडे लागणार, हे तिला ठाऊक असते. तो खरा आकडा अर्जात लिहा. अधिकाऱ्याला तोच अधिक पटेल.

शेवटी सार एवढेच. पाहुण्याचा परवाना मागताना आपल्याला श्रीमंती सिद्ध करावयाची नसते, इंग्रजी सिद्ध करावयाचे नसते. परत येण्याचे कारण सिद्ध करावयाचे असते. ते कारण आपल्या गावाकडील माणसापाशी मुबलक असते. जमीन, घर, भाऊबंद, गावचा देव आणि गावचा हंगाम, ही त्याची ठेव आहे. ती वेळेवर, सुसंगत कागदांत उतरवावी आणि खिडकीपुढे साध्या शब्दांत सांगावी. १८८३ साली एका सतरा वर्षांच्या मराठी मुलीने भरसभेत उभे राहून जे स्वतःच्या तोंडाने सांगितले, ते आज निंबर्ग्याच्या साठ वर्षांच्या आईलाही सांगता येईल. त्यासाठी तिला दलालाची गरज नाही. घरातील एखाद्या शिकलेल्या नातवाने दोन संध्याकाळी तिच्याजवळ बसून कागद लावून दिले, तरी ते पुरे आहे.